वर चढणारी नदी

लाँड्रीच्या वरच्या खोलीत विज्ञानकथा आणि अद्भुतकथांच्या रसिकांचं मंडळ तीसेक वर्षं भरत होतं. खालच्या इस्त्रीच्या वाफेने तिथलं एकही पुस्तक सरळ राहिलं नव्हतं, आणि मंडळींचीही थोडीफार तीच गत होती. दुसऱ्यांच्या गोष्टींवर वाद घालून घसे बसले, तेव्हा त्यांनी स्वतःचाच एक ग्रह बनवायला घेतला. दर महिन्याला कुणीतरी एखादा प्राणी, एखादं वाळवंट, नाहीतर एखादा विचित्र आजार मांडायचं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या की ते भिंतीवरच्या नकाशावर चढायचं. एकदा चढलेलं खोडायचं नाही, हा नियम. कुणी शंका काढली, तर ज्याने ती गोष्ट घडवली त्यानेच पुढच्या बैठकीत येऊन खुलासा द्यायचा. इतरांनी वकिली करायची नाही. खुलासा आला नाही तर त्या जागेवर पांढरा कागद चिकटवायचा. मंडळातल्या दंतवैद्याच्या उडत्या कासवावर असा कागद बसला होता आणि तो बिचारा अजूनही त्या भिंतीकडे पाठ करून बसायचा.

खोलीची किल्ली मंडळातल्या दोन बहिणींपैकी थोरलीकडे असे. कोपऱ्यावरचं चष्म्याचं दुकान तिचं. लोकांच्या डोळ्यांत डोकावून नंबर काढण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं आणि ते ती चारचौघांत सांगायलाही लाजत नसे.

त्या महिन्यात बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ नव्याने आले होते. पहिल्याच बैठकीत त्यांचं नाव शंकासुर पडलं, यावरून काय ते समजावं. ते नकाशाला नाक लावून बराच वेळ उभे राहिले आणि मग अगदी साधेपणाने म्हणाले, "ही नदी समुद्रातून निघून डोंगरावर का जाते?"

सगळे उठून नकाशापाशी जमले. नदीच्या निळ्या रेघेजवळ एक चिमुकला बाण होता आणि त्याचं टोक स्पष्टपणे डोंगराकडे होतं. या नदीच्या काठी मंडळाने राजघराणी नांदवली होती, एक मोठं युद्ध लढवलं होतं, पण बाणाकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

"घाईत उलटा पडला असेल," दंतवैद्य म्हणाला.

"तसं असेल तर कागद," अध्यक्ष म्हणाले. ते गुरांचे डॉक्टर होते आणि कुणाचीही भीडभाड ठेवत नसत. "ह्यांच्या कासवाला एक न्याय आणि नदीला दुसरा, असं चालणार नाही. नदी कोणाची?"

सगळे थोरलीकडे पाहू लागले, कारण नदी तिच्या धाकट्या बहिणीची होती.

दोघी बहिणींनी हे मंडळ बरोबरच सुरू केलं होतं. मग एका वर्षी धाकटी यायची थांबली. भांडण नाही, तंटा नाही. घरी येणंजाणं चालू, फोन चालू, आईच्या गोळ्यांवर आणि पोरांच्या परीक्षांवर तासन्‌तास गप्पा. फक्त मंडळाचा विषय निघाला की ती कुकर बघायला उठायची, मग कुकर लावलेला असो वा नसो. थोरलीने समजूत करून घेतली की ड्रॅगनवरच्या एका जुन्या वादात आपण हिची बाजू घेतली नाही, त्याचा राग असेल. धाकटीची अशी ती नदी एवढीच भिंतीवर उरली होती, आणि तिच्यावर कागद बसावा हे थोरलीला नको होतं.

पण त्याहून एक गोष्ट तिला स्वस्थ बसू देईना. धाकटी मोटार ड्रायव्हिंगची शाळा चालवायची. रस्त्यावरचे बाण लोकांच्या डोक्यात घालणं हाच जिचा धंदा, ती बाण उलटा काढेल? मग ती नदी खरंच वर जाते की काय? आणि जाते तर कशी?

दुसऱ्या दिवशी दुकान नोकरावर टाकून ती सरावाच्या मैदानावर गेली. धाकटी गाडीत एका घामाघूम झालेल्या बाईंना रिव्हर्स शिकवत होती. थोरली सरळ मागचं दार उघडून आत बसली.

"ताई, शिकवणी चालू आहे."

"चालू दे. एकच विचारते. तुझी नदी वर का चढते?"

गाडी गचका खाऊन बंद पडली. धाकटीने हँडब्रेक ओढला आणि आरशातून बहिणीकडे पाहिलं.

"हे कुणी काढलं?"

"नव्या सभासदाने. पण रात्रभर झोप माझी उडाली आहे. कागद लागला तर लागू दे, मला आधी कारण सांग."

"फोनवरही विचारता आलं असतं."

"फोनवर तू कुकर बघायला गेली असतीस."

धाकटीला हसू आलं. "इथे नाही सांगत," ती म्हणाली. "खोलीवर येते." पुढच्या बाईंनी हळूच विचारलं की आता गाडी सुरू करू का.

बैठकीला ती वेळेआधी आली. कुणाशी फार न बोलता तिने दारामागे टांगलेला आकाशाचा तक्ता काढला, त्यावरची धूळ ओढणीने पुसली आणि तो जमिनीच्या नकाशाशेजारी धरला. इतकी वर्षं एक नकाशा या भिंतीवर आणि दुसरा त्या दारामागे होता. दोन्ही एकत्र पाहावेत असं कुणाच्या मनात आलं नव्हतं.

"आपल्या ग्रहाला चंद्र दोन," ती म्हणाली. "तुम्ही त्यांच्या खाली प्रेमी फिरवलेत, बाकी काही केलं नाहीत. हे दोघे एका रेषेत आले की समुद्र फुगतो. पाणी या अरुंद खिंडीत घुसतं आणि वर चढत चढत डोंगरावरच्या तळ्यात जातं. चंद्र पांगले की परत उतरतं. बाण चढतानाचा आहे."

शंकासुरांनी खिंडीवर बोट ठेवलं, मग चंद्रांवर, मग पुन्हा खिंडीवर. "मान्य," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा लहान मुलासारखा उजळला. अध्यक्षांनी कागद आणि डिंक मुकाट्याने कपाटात ठेवला.

थोरली मात्र तक्त्याकडेच पाहत होती. तक्त्यावरचे दोन्ही चंद्र तिच्या हातचे होते. त्यांची वर्तुळं तिने चष्म्याच्या काचा ठेवून आखली होती आणि नंतर पार विसरून गेली होती.

"तेव्हाच का नाही सांगितलंस?" तिने हळू आवाजात विचारलं.

"नदी तुझे चंद्र धरून काढली होती, ताई. वाटलं, बाण बघशील आणि विचारशील. एक बैठक झाली, दुसरी झाली. सगळ्यांनी माना डोलावल्या, तूही डोलावलीस. मग मला इथे यावंसंच वाटेना."

थोरलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागावी म्हणून तिने तोंड उघडलं, पण तिची नजर पुन्हा नदीवर गेली आणि तिथेच अडकली.

"मग काठावरच्या लोकांना," तिने विचारलं, "पाणी येणार हे आधी कळतं कसं?"

धाकटीने तक्ता खाली ठेवला, एक खुर्ची बहिणीच्या खुर्चीला लावून ओढली आणि बसली.

"त्याला वेळ लागेल," ती म्हणाली. "ऐक."