भिंतभर चित्र

डोळ्यांच्या डॉक्टरांनी हात टेकले, त्या दिवसापासून मास्तरांच्या जिवाला चैन नव्हती. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, गल्लीच्या तोंडाशी कपडे शिवायचं दुकान असलेले. त्यांच्या बायकोच्या नजरेत मधोमध एक डाग पडला होता आणि तो पसरत चालला होता. कडेकडेचं दिसायचं, ज्याच्याकडे बघावं ते नेमकं गायब. मास्तरांशी बोलताना ती हल्ली फळीवरच्या डब्यांकडे बघायची, म्हणजे कुठे तरी बाजूला ते दिसायचे.

"याला औषध नाही," डॉक्टर म्हणाले होते. "मोठं असेल ते दिसेल त्यांना अजून थोडे दिवस."

मास्तरांनी त्यातलं 'मोठं' तेवढं घट्ट धरून ठेवलं.

बायकोला सिनेमाचा भारी नाद. पण थिएटरच्या अंधाऱ्या पायऱ्यांवर ती कोसळली, गुडघा फुटला, आणि पुन्हा म्हणून यायची नाही असं तिने बजावलं.

"मग थिएटर इथं आणतो," मास्तर म्हणाले.

"इथं? इथं कूस बदलायची तर एकमेकांना विचारावं लागतं!"

ते खरंच होतं. भाड्याची एकच खोली. एका बाजूला पलंग, दुसरीकडे कपाट, कोपऱ्यात ओटा. भिंतीत खिळा ठोकायची बंदी, आणि घरमालकीण बरोबर डोक्यावर राहणारी.

पण मास्तर इरेला पेटले होते. बंद पडलेल्या एका शिकवणीच्या वर्गातला जुना प्रोजेक्टर त्यांनी मिळवला. बदल्यात शिकवणीवाल्याच्या घरभरचे पडदे शिवून दिले. मग स्वतःचा पडदा शिवायला घेतला. मध्ये जोड नको म्हणून मोठ्या पन्ह्याचं पांढरं कापड आणलं, मागून काळं अस्तर लावलं, वर दांडीसाठी नेफा केला. दुकानातली गिऱ्हाइकं ताटकळत राहिली. कुणाच्या पँटची उंची कमी करायची राहिली, कुणाचं लग्नाचं जाकीट बाहीविना तसंच लटकत राहिलं. मास्तर मान वर करत नव्हते. बायको शेजारी बसून मशीनचा आवाज ऐकत असायची.

पडदा कपाटावरून छताखाली ताणला, खिडकी झाकली, प्रोजेक्टर समोरच्या भिंतीला टेकवला, आणि तिथंच घोडं अडलं. खोलीला लांबीच नव्हती. चित्र पडलं ते जेमतेम उशीच्या अभ्र्याएवढं.

त्यांनी पलंग खोलून बाहेरच्या बोळात उभा केला, दार सताड उघडलं आणि बोळात स्टूल ठेवून त्यावर प्रोजेक्टर मांडला. चित्र वाढलं खरं, पण येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक भाडेकऱ्याचं डोकं त्यात उगवायला लागलं. घरमालकीण खाली आली.

"मास्तर, हा जायचा-यायचा रस्ता आहे. हे बंद करा, नाहीतर खोली बघा दुसरीकडे."

"ताई, थोडे दिवस. पाया पडतो. तिला दिसतंय तोवर."

मालकीणबाईंनी खोलीत नजर टाकली. मास्तरांची बायको जमिनीवरच्या अंथरुणावर दाराच्या चौकटीकडे बघत बसली होती. "पलंग राहू दे बाहेर," मालकीणबाई हळू आवाजात म्हणाल्या. "पण मशीन आत घ्या."

मास्तर खुळ्यासारखे विचार करत राहिले. मग उठले आणि दुकानातला गिऱ्हाइकांचा उभा आरसा पाठीवर घेऊन आले. मशीनचा उजेड आधी आरशावर पाडायचा, तिथून पडद्यावर. म्हणजे तेवढ्याच खोलीत वाट दुप्पट. चित्र उलटं आलं. मशीनमध्ये ते सुलटं करायची सोय शोधताना त्यांच्या नाकी नऊ आले. पण सापडली. सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी, भिंतभर चित्र उभं राहिलं. दोन बहिणींचा, तिच्या आवडीचा सिनेमा.

"आलं का?" मास्तरांनी विचारलं.

"आलं. केवढं हो!"

पडद्यावर थोरलीचा चेहरा आला, ओट्यापासून छतापर्यंत. बायकोने मान डावीकडे वळवली, मग उजवीकडे.

"दिसली?"

तिने मान पुन्हा डावीकडे नेली.

"थांब, पुढे सरक. नको, मागे ये. इथं बस." मास्तर तिला दंडाला धरून उठवत होते, बसवत होते. स्टूल हलवलं, आरसा हलवला. "आता? बघ की नीट! एवढं मोठं आहे, नीट बघ!"

आवाज चढला तसे ते स्वतःच दचकले.

"केस दिसतात," ती म्हणाली. "मागचं झाड दिसतं. तोंड नाही दिसत, अहो. जेवढं मोठं कराल तेवढं मोठं जातंय."

मास्तर आरसा सोडून खाली बसले.

"पडदा लावलात तेव्हाच कळलं होतं मला," ती म्हणाली. "त्याच्यासमोर तुम्ही उभे होतात, आणि तुमचंही तोंड नव्हतं."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? शिवायला बसलात की तुमचं रडणं थांबायचं."

आपलं रडणं तिला कळत नाही, असं मास्तर इतके दिवस धरून चालले होते. ते प्रोजेक्टर बंद करायला उठले, तर तिने त्यांचा सदरा मागून धरला.

"राहू दे. मला उजेड दिसतोय. काय चाललंय ते सांगा."

मास्तरांना गोष्ट सांगता येत नसे. जे कळतं त्यावरच ते आले. "धाकटीने निळा झगा घातलाय. गळा चौकोनी. डाव्या खांद्याला झोळ येतोय, बाही कुणी तरी घाईत बसवलीय."

"आणि थोरली?"

"थोरली…" समोर तिचाच चेहरा होता, भिंतभर, आणि तिचे ओठ थरथरत होते. ते कसं सांगायचं, त्यांना समजेना. "तिच्या कॉलरला इस्त्री नाही," ते कसंबसं म्हणाले.

बायको पडद्याकडे न बघता, बाजूच्या काळोखाकडे बघत वाट पाहत होती. तिच्या मुठीतला सदरा तिने सोडला नव्हता.