वारा न लागणारी खोली

सिंगापुरातल्या सेंगकांगच्या त्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराला लागून एक चिमुकली खोली होती. उद्या युद्ध झालंच तर घरच्यांनी लपावं म्हणून सरकारने नव्या घरांत बांधायला लावलेली. जाड काँक्रीटच्या भिंती, पोलादी दार आणि दाराला रबराची कड. युद्ध काही येत नव्हतं, तेव्हा लोक तिथे तांदळाच्या पिशव्या नि सुटकेसा कोंबत. प्रबोधने तिथे मोटरसायकलचं गॅरेज थाटलं होतं. जुन्या गाडीचा सांगाडा खाली पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली, आणि इंजिन वर बाराव्या मजल्यावर, बॉम्बच्या खोलीत. हौसेला मोल नसतं म्हणतात. अक्कलही नसते, असं त्याची बायको संजीवनी म्हणे.

त्या वर्षीचा डिसेंबर भलताच ओला निघाला. पाऊस थांबेना, ऊन दिसेना, आणि रात्री पुसून ठेवलेला इंजिनाचा सिलिंडर सकाळी गंजून तांबूस व्हायचा. इंजिन जोडायचं तर खोली गरम आणि कोरडी हवी. पण सिंगापुरात हीटर कोण विकतो? “हीटर? हिअर सो हॉट ऑलरेडी, लाह!” म्हणून दुकानदार पोट धरून हसला.

प्रबोध मूळचा नागपूरचा. वडिलांचं गॅरेज घराच्या अंगणातच होतं, पत्र्याच्या शेडमध्ये, आणि थंडीभर तिथे कोळशाची शेगडी पेटलेली असे. निखारे लाल झाले, धूर संपला, की धोका संपला, हे ज्ञान त्याला तिथे मिळालेलं. पुढे इंजिनिअरिंगच्या चार वर्षांनीही ते पुसलं गेलं नाही. त्या शेडच्या फटींतून अख्खा रस्ता दिसायचा, हे मात्र साहेब विसरले.

शेगडी घरात होतीच. त्याच्या सासूबाई कमलाबाई लेकीच्या बाळंतपणाला आल्या होत्या आणि शेक-शेगडीशिवाय बाळंतपण त्यांना मान्य नव्हतं. त्यांच्यासाठी प्रबोधनेच लिटिल इंडियातून मातीची शेगडी आणली होती. नात इरा दोन महिन्यांची. आंघोळ झाली की तिला ओवा-शेपांची धुरी द्यायची, आणि त्या वेळी लेकराला वारा लागू द्यायचा नाही. पण बाराव्या मजल्यावर, स्वयंपाकघराच्या उघड्या खिडकीशी, ते जमायचं कसं?

“काय वारा आहे बाप्पा!” त्या रोज म्हणत. “घर आहे की गच्ची?”

रविवारी दुपारी प्रबोधने निखारे फुलवले, शेगडी गॅरेजात ठेवली, आणि भिंतीतल्या हवेच्या भोकांवरची लोखंडी झाकणं फिरवून घट्ट केली. ऊब बाहेर जायला नको.

“पेट्रोल नि विस्तव एका घरात!” संजीवनी दारातून म्हणाली. “मला भीती वाटते रे. एखाद्या दिवशी सगळे उडू आपण.”

भीती त्यालाही वाटत होती. म्हणून तर त्याने पेट्रोलची टाकी आधीच खाली नेऊन ठेवली होती, तेलाच्या चिंध्या फेकल्या होत्या, वाळूची बादली आणून ठेवली होती. भ्यायला तो कमी पडला नाही. फक्त चुकीच्या गोष्टीला भ्याला.

“खोलीने ऊब चांगली धरली आहे हो,” कमलाबाई आत डोकावून म्हणाल्या.

“आई, या खोलीत वाराच काय, बॉम्बसुद्धा शिरत नाही,” तो ऐटीत म्हणाला. त्याचं डोकं जरा जड झालं होतं. झोप कमी पडली असेल, असं म्हणून तो स्पॅनर घेऊन पार्किंगमध्ये उतरला. दार त्याने लावून घेतलं.

खाली एक बोल्ट हटून बसला, आणि त्याच्याशी झटताना वेळ गेला. वर आला तेव्हा घर शांत होतं. संजीवनी गाढ झोपलेली. पाळणा रिकामा.

“आई?” त्याने हळूच हाक मारली. बाथरूममध्ये कोणी नव्हतं. पोरीला खेळवायला कॉरिडॉरमध्ये गेल्या असतील म्हणून तो बाहेर धावला. तिथे नुसता पाऊस आत येत होता. कठड्यावरून खाली बघायला त्याची मान वळेना. शेवटी त्याने बघितलं. ओली हिरवळ, बाकी काही नाही.

तो स्वयंपाकघरात परतला आणि त्याला सासूबाईंच्या सपाता दिसल्या. नीट जोडीने काढलेल्या, पोलादी दारासमोर. ओट्यावर ओव्याची उघडी डबी होती.

तेव्हा त्याला ते जड डोकं आठवलं, आणि ते झोपेने नव्हे, बंद खोलीतल्या निखाऱ्यांच्या विषारी वायूने जड झालं होतं हे कळलं. त्याने दांडा ओढला. घामेजलेला हात घसरला. दुसऱ्यांदा दोन्ही हातांनी ओढला, तेव्हा दार सुटलं.

कमलाबाई भिंतीला टेकून पाय पसरून बसल्या होत्या, मान एका बाजूला कललेली. इरा त्यांच्या पायांवर, नीट गुंडाळलेली. शेगडीत ओवा जळून गेला होता. धूर नव्हता. निखारे लालबुंद, सुंदर दिसत होते.

“संजू! अँब्युलन्स! अँब्युलन्स बोलाव!” तो ओरडला आणि पोरीला उचलून पळाला. तिची मान त्याच्या हातावर कापडासारखी पडली. कॉरिडॉरमध्ये पावसाचा वारा सपकन तोंडावर आला. किंचाळत आलेल्या संजीवनीच्या हातात इराला देऊन, श्वास रोखून तो परत आत शिरला आणि सासूबाईंना काखेत धरून फरफटत बाहेर घेऊन आला. मग फोन संजीवनीने हातात घेतला आणि पोर पुन्हा त्याच्याकडे आली.

“इरा, ए इरा, माझ्या बाई,” तो तिच्या तळपायांवर टिचक्या मारत राहिला. काही नाही. आपण हिला मारलं, एवढंच त्याच्या डोक्यात घुमत होतं. आपण, आपल्या हाताने, झाकणं घट्ट करून.

मग तिचे ओठ हलले. एक बारीकसं, चिडकं रडणं निघालं, थांबलं, पुन्हा निघालं.

त्या आवाजाने फरशीवर पडलेल्या कमलाबाईंनी डोळे किलकिले केले. जीभ जड झाली होती, पण नातीचं रडणं त्यांना ओळखता आलं. त्यांनी जावयाची पँट धरली.

“जावईबापू... आत न्या तिला. तुमच्या खोलीत. वारा लागेल पोरीला.”

प्रबोधने इराचं दुपटं पूर्ण सोडलं आणि तिला कठड्याजवळ, भर वाऱ्यात धरलं.