चिकटूच्या भिंती

संघपालला कोर्टानं महिन्यातला दुसरा रविवार दिला होता. सकाळी आठला मुलगी न्यायची, संध्याकाळी सातला दारात आणून सोडायची, उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही. तीन वर्षं त्यानं हे निमूट पाळलं. पण आता मंजुषाला, म्हणजे त्याच्या एके काळच्या बायकोला, पुण्यात नोकरी लागली होती. लेकीला, संबोधीला, तिकडं नेण्याची परवानगी तिनं मागितली होती आणि येत्या शुक्रवारी जजबाई संबोधीला एकटीला आत बोलावून विचारणार होत्या, की बाळा, पप्पांना भेटत राहायचं आहे का? म्हणजे हाताशी उरला हा एक रविवार.

अशा वेळी शहाणा माणूस लेकीशी काय बोलायचं याचा विचार करतो. संघपालनं रात्री बसून चिकटूचे नवे भाग पाहून घेतले.

चिकटू म्हणजे कार्टूनमधली हिरवी पाल. ती भिंतीला कान लावते, ‘भिंती, भिंती, बोल’ म्हणते आणि भिंत तिला आपलं गुपित सांगते. घर मोडलं तेव्हा संबोधी सहा वर्षांची होती आणि ही पाल तिच्या दप्तरावर, डब्यावर, उशीच्या अभ्र्यावर, सगळीकडं होती. तिच्याशी बोलायला दुसरं काही सुचेना, म्हणून संघपालनं पालीची शेपटी धरली ती धरलीच. मकबऱ्याच्या जाळीत त्यानं लेकीला चिकटूचं घर दाखवलं, दौलताबाद किल्ल्याच्या अंधाऱ्या भुयारात चिकटूचा चोरवाटेचा दरवाजा. पुढं पुढं तर तो एकटा शहरातल्या भडकल दरवाजाखालून जाताना मान वर करायचा आणि पाल कुठं चिकटली असती ते शोधायचा. चाळिशीच्या माणसाला हे शोभत नव्हतं, पण त्याला त्यात सुख वाटत होतं हे खरं.

अजिंठा मात्र त्यानं राखून ठेवला होता. त्याचा बाप कडुबा दर बुद्धपौर्णिमेला वस्तीतल्या लोकांबरोबर ट्रकमधून त्याला तिथं न्यायचा. सतराव्या लेण्यातल्या एका भिंतीपुढं उभं करायचा, हात जोडायला लावायचा आणि म्हणायचा, “नीट बघ. हे आपलं हाय.” ती भिंत लेकीला दाखवायची आणि मग शुक्रवारचं बोलायचं, असं त्यानं ठरवलं होतं.

सिल्लोड गेलं तरी संबोधी खिडकीतून बाहेर बघत होती. विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायची. फर्दापूरला गाडी बदलली, पायऱ्या चढल्या, चपला काढून दोघं अंधाऱ्या लेण्यात शिरली. मंद दिव्यात भिंतीवरचे चेहरे हळूहळू दिसू लागले. संघपालनं भिंतीकडं कान केला आणि हळूच म्हणाला, “भिंती, भिंती, बोल.”

संबोधी हसली. पण हसण्याआधी तिनं मागं कोण उभं आहे ते पाहून घेतलं. संघपालच्या मनात शंका आली. चिकटू विहिरीत पडते तो नवा भाग पाहिलास का, असं त्यानं विचारलं.

“पप्पा, मी चिकटू बघणं दुसरीतच सोडलं.”

“मग इतके दिवस माझ्याशी बोलत होतीस ते?”

“मम्मी म्हणाली, पप्पांना तेवढंच बोलता येतं. बोलू द्यायचं.”

बोलण्यात वाकडं काही नव्हतं. म्हाताऱ्या माणसाला सांगावं तशी ती सांगत होती.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. संघपाल उस्मानपुऱ्यात फ्लेक्स छापायच्या दुकानात कामाला. चिकटूचे वाढदिवसाचे फ्लेक्स आठवड्याला चार-पाच तरी त्याच्याच हातून निघायचे. पोराचा फोटो, नाव, बाजूला पाल आणि मोठा आकडा. चौथा, पाचवा, फार तर सहावा. चिकटू असलेला नवव्या वाढदिवसाचा फ्लेक्स त्याच्या मशीनमधून एकदाही बाहेर आला नव्हता. आकडे स्वतःच्या बोटांनी टाकले, आणि डोक्यात एकदाही उजेड पडला नाही.

“हे कोण आहेत?” संबोधीनं भिंतीकडं बोट केलं.

तीच भिंत. हातात भिक्षापात्र घेतलेले, चित्रातल्या सगळ्यांहून उंच तथागत, आणि दारात यशोधरा, राहुलला पुढं करणारी. ही गोष्ट कडुबानं पोराला इतक्यांदा सांगितली होती, की ती झोपेतही म्हणता यावी. संघपालनं तोंड उघडलं. बापाचे शब्द आठवेनात. चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात पाल कुठं बसली असती, तेवढंच त्याला दिसत होतं. स्वतःची भिंत त्यानं लेकीच्या डोळ्यांनी बघायला घेतली होती, आणि ते डोळे लेकीचेही उरले नव्हते.

“तथागत आहेत,” तो कसाबसा म्हणाला. “घरी आलेत. लेकराला भेटायला.”

“मग आत का जात नाहीत?”

मागची माणसं सरकायला लागली, पहारेकऱ्यानं पुढं चला म्हटलं, आणि उत्तर राहूनच गेलं.

परतीच्या गाडीत शुक्रवारचा विषय त्याच्या ओठांपर्यंत दोनदा आला. पण कुठल्या तोंडानं मागायचं? दोन वर्षं ही पोर त्याचं मन सांभाळत होती, आणि तो समजत होता, आपण तिचं सांभाळतोय. त्याला लाज वाटली आणि रडूही आलं. त्यानं तोंड खिडकीकडं फिरवलं.

सातला मंजुषानं दार उघडलं. संबोधी चपला काढून आत गेली. मग काय वाटलं कोण जाणे, परत फिरली, दारालगतच्या भिंतीला कान लावला आणि मोठ्यानं म्हणाली, “भिंती, भिंती, बोल.” संघपाल बाहेर पिशवी धरून उभा होता.

“पप्पा, मी शुक्रवारी हो सांगणार आहे,” ती म्हणाली. “नाहीतर तुम्ही कुणाशी बोलणार?”

मागायला आला होता ते न मागता मिळालं होतं. नुसतं ‘बरं’ म्हणून निघून जायचं होतं. तेवढं त्याला जमलं नाही.

“माझा विचार करू नको. तुला मनापासून वाटेल ते सांग,” तो म्हणाला.

“खरंच?”

“खरंच.”

“मग ठीक आहे,” संबोधी म्हणाली. तिचे ताठलेले खांदे सैल पडले, आणि शुक्रवारी ती काय सांगणार ते संघपालला तिथंच कळलं.