मी इंजिनाखालून बोलतेय

मी एक स्किड प्लेट. नाव ऐकून मला जेवणाचं ताट समजू नका. डोंगरातल्या वाटांवर धावणाऱ्या मोटरसायकलीचं इंजिन खालून दगडांना उघडं पडतं, म्हणून तिच्या पोटाखाली जाड ॲल्युमिनियमचा पत्रा बसवतात. तो पत्रा म्हणजे मी. मला माणसांचे चेहरे क्वचितच दिसतात. चपला, बूट आणि घोटे मात्र मी चांगले ओळखते.

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपमध्ये दीपक नावाच्या कारागिरानं मला कापलं, वाकवलं, माझ्या कडा घासल्या. बोल्टांसाठी चार भोकं पाडली, आणि ऑइल बदलताना मला उतरवावं लागू नये म्हणून मधोमध एक मोठं. मग महिनाभर मी भिंतीला टेकून उभी होते.

एका सकाळी माझ्यासमोर पायमोज्यांवर सँडल घातलेले दोन पाय येऊन थांबले. ते होते शामसुंदरराव. चौतीस वर्षं विमा कंपनीत काढलेला माणूस. त्यांना रस्ता दिसायच्या आधी अपघात दिसतो.

“ही दगडाला टिकेल?” त्यांनी विचारलं. “आणि दगड टोकदार असेल तर?”

“काका, गाडी कोण चालवतं?” दीपक म्हणाला.

“मुलगी.”

“मग तिला गाडी घेऊन पाठवा. दहा मिनिटांत बसवून देतो.”

“नको. मीच बसवीन.”

पुढचा सगळा घोळ या ‘मीच’नं झाला.

त्यांची मुलगी स्वरदा गुरांची डॉक्टर. तिची नेमणूक कळवणच्या दवाखान्यात झाली. आसपासच्या पाड्यांवर जीप पोचत नाही, म्हणून तिनं ही उंच मोटरसायकल घेतली. त्या दिवसापासून बाबांनी तिच्याशी अबोला धरला. पुढे मला पार्किंगमधल्या गप्पांतून कळलं, की दीड महिना ते तिच्याशी फक्त त्यांच्या पत्नी कुसुमताईंमार्फत बोलत होते. “तिला म्हणावं, आमटी वाढ.” आणि ती समोरच बसलेली असायची, आमटीचं भांडं घेऊन!

रविवारी स्वरदा घरी आली आणि दुपारी झोपली. तेवढ्यात गंगापूर रोडवरच्या त्या इमारतीच्या पार्किंगमध्ये शामसुंदररावांनी सतरंजी अंथरली. मोबाईल विटेला टेकवून व्हिडिओ लावला. जुनं प्लॅस्टिकचं कव्हर काढलं, फ्रेमच्या नळ्यांना पट्ट्या बसवल्या आणि मला छातीवर घेऊन ते गाडीखाली सरकले. पहिला बोल्ट त्यांनी जीव खाऊन आवळला. मग बाकीची भोकं जागेवर येईनात.

कुसुमताई चहा घेऊन खाली आल्या होत्या. “अहो, आधी चारही नुसते अडकवा, मग आवळा. पडद्याचे हूक मी असेच लावते.”

“पडदे वेगळे, मशीन वेगळं,” गाडीखालून उत्तर आलं. थोड्या वेळानं त्यांनी पहिला बोल्ट गुपचूप सैल केला.

तीन बोल्ट सरळ बसले. चौथा तिरका शिरला. आटे एकमेकांवर चढले, करकर आवाज झाला. शामसुंदरराव थांबले. मला वाटलं, आता काढतील. पण जिन्यावर स्वरदाची चाहूल लागली आणि त्यांनी पान्यावर सगळा जोर देऊन तो तसाच आत रेटला.

“बाबा, हे काय?”

दीड महिन्यानंतर ते तिच्याशी थेट बोलले. “काही नाही. दगड लागू नये म्हणून.”

“मला की इंजिनाला?”

“इंजिनाला,” ते म्हणाले आणि सतरंजीची घडी घालू लागले. ती घडी त्यांनी तीनदा घातली.

पुढचे तीन आठवडे माझे ऐटीत गेले. खडी उडायची, मी वाजायचे, इंजिन वर सुखात गुरगुरायचं. मग एका दुपारी डोंगरावरच्या पाड्यातून धोंडाबाईंचा फोन आला. त्यांची गाय सकाळपासून अडली होती.

वाट कोरड्या ओढ्यातून होती. स्वरदा घाईत होती. एका खडकावरून पुढचं चाक उतरलं आणि गाडीचा सगळा भार माझ्यावर आदळला. मला वाटीएवढा पोचा पडला. तो तिरका बोल्ट आटे सोडून उडाला आणि माझा एक कोपरा खाली लोंबून दगडांवर खरडू लागला.

स्वरदानं गाडी थांबवली, खाली वाकली. तेलाचा थेंबही सांडला नव्हता. तिनं औषधांच्या बॅगेचा पट्टा सोडवला, मला फ्रेमला आवळून बांधलं, बॅग टाकीवर पोटाशी दाबून ठेवली आणि तशीच पुढे निघाली.

गोठ्याबाहेरून मला फक्त पाय दिसत होते. धोंडाबाईंचे अनवाणी पाय जागच्या जागी हलत होते.

“ताई, लय येळ झाला. वाचंल ना?”

“वासराचा पाय मागे दुमडलाय. तुम्ही गाईचं डोकं धरा. बोलत राहा तिच्याशी.”

बराच वेळ धोंडाबाई गाईशी बोलत राहिल्या. मग धप्पकन काहीतरी पडलं, आणि सगळं शांत. स्वरदानं गवताची काडी वासराच्या नाकात घातली, त्याची छाती चोळली. ते शिंकलं. धोंडाबाईंचे पाय तिथल्या तिथे मातीत बसले आणि त्या मोठ्यानं रडू लागल्या.

रविवारी स्वरदा नाशिकला आली. शामसुंदरराव पार्किंगमध्ये उकिडवे बसले. माझ्या पोच्यावरून त्यांनी बोट फिरवलं आणि ते बॅगेच्या पट्ट्यापाशी थांबलं.

“चौथा बोल्ट तिरका गेला होता,” ते म्हणाले. “मला कळलं होतं. तुझ्यासमोर काढायची लाज वाटली.”

स्वरदा गाडीला वळसा घालून आली. मग खाली बसली. “बाबा, एवढं मला फोनवर सांगितलं असतं तर मी तिथेच बघून घेतलं असतं. मी खूप चिडलेय.” मग पोच्याकडे बघत ती म्हणाली, “पण प्लेट नसती तर इंजिन फुटलं असतं. आणि मी पोचले नसते, तर ती गायही गेली असती.”

स्वरदा गाडीवर आणि शामसुंदरराव मागून रिक्षानं, असे दोघं द्वारका चौकाजवळ महेशच्या गॅरेजमध्ये गेले. त्यानं नवे आटे पाडले, नवा बोल्ट दिला. तो बोल्ट शामसुंदररावांनी बसवला, आधी बोटांनी, हळूहळू, मुलीच्या देखत. पोचा ठोकून काढू का, असं महेशनं विचारलं. दोघंही एकदम नको म्हणाले.

आता मी तशीच आहे, पोचा पडलेली, मातीनं भरलेली. वाचकहो, माझं एवढंच मागणं आहे: आपल्या माणसासाठी काही बसवताना हात चुकला, तर तेव्हाच सांगून टाका. आम्ही पत्रे खूप सोसतो, पण बोलायचं काम तुमचं.

परवा शामसुंदरराव पहिल्यांदाच मुलीच्या मागे बसले. वासरू बघायला जायचं होतं. कळवणपर्यंत ते “हळू, हळू” म्हणत होते. ओढ्यात एक दगड माझ्यावर खणकन आपटला.

“काय वाजलं?” ते दचकले.

“तुमची प्लेट.”

त्यांनी मागे वळून तो दगड पाहिला. मग तिच्या कानाशी वाकून म्हणाले, “गाडी जरा मागे घे. त्याच दगडावरून परत एकदा ने.”