केलचे रबरी मासे

"किर्स्टी! ए किर्स्टी, आधी इकडे ये!"

नरेलचा आवाज शेडच्या पत्र्यावर असा आदळला की शेजारच्या मर्वच्या कोंबड्या थेट कुंपणापर्यंत पळाल्या. खुब्याचं ऑपरेशन होऊन ती कालच हॉस्पिटलातून घरी आली होती. वाकू नको, वळू नको, एकटी फिरू नको, असं डॉक्टरांनी बजावून पाठवलं होतं. तरीही काठी टेकत ती परसातल्या शेडपर्यंत आली होती. तिथे फळीवरचा एक नवाकोरा पारदर्शक डबा तिने उघडला, आत हात घातला, आणि आता तोच हात ती समोर धरून उभी होती. बोटांवरून काकवीसारखा हिरवट चिकटा खाली ओघळत होता.

किर्स्टी हातातलं फडकं घेऊनच धावत आली. "काय झालं? पडलीस का?"

"हे कुणी केलं?"

"काय?" किर्स्टीने डब्यात डोकावून पाहिलं. "अगं बाई, हे वितळलं कसं? उन्हाने का?"

"कुणी केलं ते विचारतेय मी."

"मीच आवरली ना शेड. तू येईपर्यंत सगळं लख्ख करायचं होतं मला."

दुसऱ्याच्या घरात शिरून आवराआवर करणाऱ्या माणसांवर खरं तर खटले भरायला हवेत. किर्स्टी सिडनीत दातांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसायची, आणि तिथली शिस्त तिने आईच्या शेडला लावली होती. जुनी पाकिटं फेकून दिली होती. खिळे एकीकडे, दोऱ्या एकीकडे, प्रत्येक डब्यावर चिठ्ठी. या डब्यावरच्या चिठ्ठीत लिहिलं होतं ‘बाबांचे मासे’, आणि पुढे लाल पेनाने छोटासा बदाम काढलेला होता. त्या बदामाने नरेलचं डोकं जास्तच फिरलं.

तिच्या नवऱ्याला, केलला, जाऊन दोन वर्षं झाली होती. जन्मभर खाडीत कालवांच्या शेतीवर राबलेला माणूस, पण सुट्टीच्या दिवशी शेडमध्ये दुधाचं जुनं पातेलं घेऊन बसायचा. त्यात प्लॅस्टिक वितळवायचं, रंग घालायचा, आणि साच्यात ओतून बोटाएवढे मऊ मासे पाडायचे. शिशाच्या डोक्याच्या गळावर असा मासा ओवला आणि पाण्यात सोडला की शेपूट जिवंत असल्यासारखी थरथरायची. केलचा एक रंग होता, तो अख्ख्या खाडीत दुसऱ्या कुणाला जमला नाही. कोळंबीची पाठ मावळतीच्या पाण्यात दिसते ना, तसा. त्यात गुपित काही नव्हतं. त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं. चिमूटभर हे, थेंबभर ते, सगळा अंदाजाचा कारभार. तो गेल्यावर नरेलने एकदा स्वतः करून पाहिलं, तर खोकल्याच्या औषधासारखं काहीतरी निघालं.

म्हणून उरलेले मासे ती कंजुषाने दागिने वापरावेत तसे वापरायची. माशाने शेपूट फाडली की सुरी तापवून ती पुन्हा चिकटवायची. काही माशांवर एवढी ठिगळं होती की मूळ मासा शोधावा लागायचा. आठवडाभर वृद्धाश्रमाच्या लाँड्रीत परक्या म्हाताऱ्यांच्या चादरी धुवायच्या आणि शनिवारी रॉड घेऊन धक्क्यावर जायचं. मासा टाकायचा, तळाला टेकू द्यायचा, दोनदा अलगद उचलायचा आणि थांबायचं. त्या थांबण्यात केल शेजारी असायचा. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर लोकांनी मान तिरकी करून ‘अरेरे’ म्हटलं असतं, आणि नरेलला ‘अरेरे’ म्हणणारी माणसं सहन व्हायची नाहीत.

"ते पाकीट," नरेल म्हणाली. आवाज आता खाली आला होता, आणि ते जास्त वाईट होतं. "वरच्या फळीवर, बिस्किटांच्या डब्यात होतं ते. ते यात घातलंस?"

"हो. तेही मासेच होते ना?"

मर्व नेमका तेवढ्यात कुंपणाच्या फटीतून आत आला. हातात झाडावरची लिंबं होती. "काय गं नरेल, पाय काय म्हणतोय? कोंबड्या घाबरवण्याइतपत तब्येत सुधारलेली दिसते..." आणि त्याने डबा पाहिला. त्याने डोक्यावरची टोपी काढली.

"केलचे?"

"केलचे."

"सगळे?"

नरेलने डबा त्याच्यापुढे तिरका केला.

"च्यायला," मर्व हळूच म्हणाला. मग किर्स्टीकडे वळला. "अगं पोरी, ते ताणलं तरी तुटत नाही ते नवं प्लॅस्टिक, ते आणि हे साधं एका डब्यात ठेवायचं नसतं. एकमेकांना खातात ती. इथली शेंबडी पोरंसुद्धा... म्हणजे तुझी चूक नाही. आहे, पण तशी नाही." त्याने लिंबं फळीवर ठेवली आणि टोपी हातातच धरून तो आला तसा निघून गेला.

आईच्या ओरडण्याने कळलं नव्हतं ते किर्स्टीला मर्वच्या त्या टोपीने कळलं. तिचा चेहरा उतरला. "मी नवे आणते. आजच्या आज आणते. कुठल्या दुकानात मिळतात ते सांग."

"दुकानात केल मिळतो का?"

ती काठी आपटत घरात गेली. स्वयंपाकघरात सिंकपाशी उभी राहून भांडी घासायच्या साबणाने हात घासू लागली. चिकटा काही जात नव्हता, नखांच्या कडांत जाऊन बसला होता. मागे किर्स्टी दारात उभी.

"सुट्टी टाकून आलेय मी, आई. पोरांना नवऱ्यावर सोडून आलेय. तुझं सगळं करतेय, कपडे धुतेय..."

"कपड्यांचं मला नको सांगूस. अख्ख्या वृद्धाश्रमाचे धुते मी. कुणाच्या शेडमध्ये जाऊन चिठ्ठ्या चिकटवत नाही."

"मला कसं माहीत असणार गं?"

"विचारायचं होतंस! तोंड दिलंय ना देवाने? हॉस्पिटलात रोज तासभर बसून शेजारणीच्या मांजराचं सांगत होतीस, तेव्हा एक वाक्य विचारायचं!"

"कधी सांगितलंत तुम्ही मला काही?" किर्स्टीचाही आवाज आता चढला. "कधी नेलंत एकदा तरी? दर शनिवारी तुम्ही दोघं होडीत आणि मी आजीकडे. मी धक्क्यावरून हात हलवायची आणि तुम्ही पाठमोरे. एकदासुद्धा वळून बघितलं नाहीत."

"लहान होतीस तू. होडी लहान होती."

"होडीत कुत्रा मावत होता!"

नळ तसाच वाहत राहिला. खरं होतं ते. पुढच्या टोकाला कुत्रा बसायचा, कान वाऱ्यावर सोडून. केल म्हणायचा, हा नसला की मासा लागत नाही.

"आणि ते पाकीट," किर्स्टी म्हणाली. ती रडत होती आणि रडणं येतंय याचाच तिला राग येत होता. "नाताळला बाबांना दिलं होतं मी. दुकानात तासभर उभी राहून, त्या पोऱ्याला विचारून विचारून घेतलं होतं. फोडलंसुद्धा नाही त्यांनी. दिलं तसं डब्यात पडलं होतं. म्हणून मीच फोडलं आणि त्यांच्या माशांत ठेवलं. म्हटलं, निदान आता तरी असू दे एकत्र."

ते पाकीट का फोडलं नाही, हे नरेलला पक्कं ठाऊक होतं. त्या नाताळला किर्स्टीच्या हातून घेताना केल ‘अरे वा, झकास’ म्हणाला होता. तिची गाडी वळणावरून दिसेनाशी झाली आणि हा पोट धरून हसत सुटला. म्हणाला, "हे माझ्या डब्यात गेलं तर सगळ्याचा लगदा होईल. माझ्या पोटची पोर, आणि माशातलं एवढंसुद्धा कळू नये?" मग आठवडाभर पबमध्ये ज्याला त्याला तो किस्सा सांगत होता. लोक टेबलं बडवून हसले होते. नरेलही हसली होती.

एवढं एक वाक्य उच्चारलं असतं तरी किर्स्टी तिथल्या तिथे गार झाली असती. नरेलच्या जिभेच्या टोकावर आलंही होतं. ती ते बोलली नाही, पण त्यात चांगुलपणा वगैरे काही नव्हता. एवढं धारदार वाक्य घाईगर्दीत वाया घालवायचं नव्हतं तिला. नीट वेळ साधून मारायचं होतं.

तिने नळ बंद केला. "ओहोटी लागलीय," म्हणाली. कपडे धुवायच्या खोलीच्या दारामागे तिचा रॉड उभा होता. तिथे किर्स्टीचा हात पोचला नव्हता. रॉडच्या गळावर केलचा एक मासा तसाच ओवलेला होता. शेपटीला दोन ठिगळं, पण रंग शाबूत. तेवढा एकच उरला होता.

"एकटी जाऊ नकोस, आई."

"मग ये. कोण अडवतंय?"

धक्का गल्लीच्या टोकाला होता, पण नरेलच्या पायाने तो फार लांब गेला होता. जानेवारीचं, म्हणजे इथल्या भर उन्हाळ्यातलं ऊन, तिवरांत किडे कर्कश ओरडत होते, आणि खाडीचं पाणी वाळूच्या पट्ट्यांवरून समुद्राकडे निघालं होतं. खांबावर एक पेलिकन बसला होता. बाकापाशी पोचल्यावर नरेलने रॉड मागे नेला, आणि कमरेतून अशी कळ गेली की ती मटकन खाली बसली. वळू नको, असं डॉक्टर उगाच म्हणाले नव्हते.

थोडा वेळ ती रॉडकडे बघत राहिली. मग तिने तो किर्स्टीपुढे धरला.

"घे. बाकीचे संपवलेस, हाही संपव."

"मला नाही येत."

"कुणाला जन्मतः येतं? बोटाने दोरी धर. मागे ने. फेकताना सोड. वाळू संपून पाणी काळं होतं ना, तिथे टाक."

पहिल्यांदा मासा धक्क्याच्या अगदी पायाशी पडला. पेलिकनने मान वळवून पाहिलं आणि पुन्हा समोर बघू लागला. "त्यालासुद्धा लाज वाटली," नरेल म्हणाली. दुसऱ्यांदा बरा गेला. तिसऱ्यांदा नेमका काळ्या पाण्याच्या कडेला.

"टेकू दे तळाला. दोरी ढिली पडली? आता दोनदा उचल. अलगद, बादली नाही ओढायचीय. आता थांब."

"कशासाठी थांबायचं?"

"थांब म्हटलं की थांबावं."

किर्स्टी थांबली. खांदे वर, जिभेचं टोक दातांत. केल अस्साच उभा राहायचा. नरेलला ते बघवेना. ज्या पोरीने त्याचं सगळं बुडवलं तिनेच त्याच्यासारखं उभं राहावं, याचा तिला पुन्हा नव्याने राग आला.

आणि रॉड वाकला.

"आई! आई, काय करू?"

"टोक वर ठेव! ओढू नकोस, जाऊ दे त्याला, रीळ सोडेल दोरी. आता गुंडाळ. गुंडाळ, गुंडाळ, बघत काय राहिलीस!"

मासा तळाला धरून पळत होता, जड, कुणी ओली सतरंजी ओढून नेत असावं तसा. बऱ्याच वेळाने तो धक्क्याच्या पायऱ्यांपाशी वर आला. वाळूच्या रंगाचं रुंद चपटं डोकं, किर्स्टीच्या अख्ख्या हाताएवढं लांब अंग. वाळूत अंग पुरून बसणारा फ्लॅटहेड, आणि एवढा मोठा म्हणजे मादीच. हिला मोजतात आणि सोडून देतात. पुढच्या वर्षीचे सगळे मासे हिच्याच पोटचे असतात. तिच्या जबड्याच्या कोपऱ्यात केलचा मासा दिसत होता. नरेल काठीवर भार देऊन उठली. मादीने एकदा, दोनदा डोकं झटकलं, आणि रॉड सरळ झाला.

पाण्यावर एक भोवरा उठला आणि वाहून गेला.

किर्स्टीने दोरी हातात घेतली. टोकाला काही नव्हतं. नरेलने ते टोक चिमटीत धरून चोळलं. खरखरीत लागलं.

"दातांनी घासलीय. खडक नव्हता, गाठही सुटलेली नाही. तुझी चूक नाही यात."

"शेवटचा होता तो."

"हो."

किर्स्टी फळ्यांवर खाली बसली. दोन्ही हात तिने मांडीखाली दाबून धरले. पाण्याकडे बघतच ती म्हणाली, "आई, त्यांनी ते पाकीट का फोडलं नाही गं?"

वेळ आली होती. दिवसभर राखून ठेवलेलं वाक्य तयार होतं. किर्स्टीने स्वतःहून मान पुढे केली होती. फक्त तोंड उघडायचं होतं.

"जपून ठेवलं होतं," नरेल म्हणाली. "पोरीने दिलंय, मासे उगाच फाडून टाकतील, म्हणाला."

"खरंच?"

"मग काय खोटं बोलतेय मी?"

आणि मग तिला केलचा असा संताप आला, की तसा किर्स्टीचा दिवसभरात आला नव्हता. हसला म्हणून, पबमध्ये सांगत सुटला म्हणून, कुत्र्याला जागा दिली आणि पोरीला दिली नाही म्हणून. आणि मरून मोकळा झाला, त्याच्या वतीने खोटं बोलायचं मात्र तिच्या गळ्यात मारून गेला, म्हणून. होडीत दुसऱ्या फळीवर आपण बसायचो, आपणही कधी वळून बघितलं नाही, हेही तिला आठवलं. तो राग कुठे ठेवावा ते तिला कळेना.

तिने दोरीचं झिजलेलं टोक दातांनी तोडून थुंकलं.

"इकडे सरक. गाठ दाखवते. एकदाच दाखवीन."

"पण बांधायचं कशाला? काहीच नाहीये."

नरेलने आपली करंगळी पुढे केली. नखाच्या कडेला तो हिरवट चिकटा अजून तसाच होता.

"याला बांध."

किर्स्टीने दोरी आईच्या करंगळीभोवती घेतली, सांगेल तसे पीळ दिले, टोक आतून ओवलं आणि भीत भीत ओढलं.

"घट्ट," नरेल म्हणाली. "अजून घट्ट ओढ."