मेलेल्या भावाचं नाव

पोलिसाकडं आपल्या पायानं जाऊ नये, हे मी मुंजाबाला पहिल्याच दिवशी सांगितलं व्हतं. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. ठाण्याची पायरी तर लांबूनसुदा बघू नये. पण पोरगं हसलं. म्हनलं, "आबा, आपण काय चोरी केली का? नुसता कागद आणायचाय, का ह्या माणसाच्या नावावर गुन्हा नाय म्हून."

"गुन्हा नाय तर कागद कशाला पाहिजे?" मी म्हनलं.

"अमेरिकेला पाहिजे."

झालं. अमेरिकेपुढं माझं काय चालतंय?

माझी सून शालू तिकडं दवाखान्यात नर्स हाय. लग्नाला सुट्टी काढून आली, महिनाभर ऱ्हायली आन् गेली. लेक तिकडंच झाली. आता आठ महिन्यांची हाय, रांगती. आम्ही ते मोबाईलात बघतो. बानाबाई, म्हंजी माझी बायको, मोबाईलाच्या काचंवरच तिची दृष्ट काढती. मुंजाबानं पोटचं लेकरू अजून मांडीवर घेतलेलं नाय. शालूनं नवऱ्याला न्यायचा अर्ज केला, तर तिकडून यादी आली. सोळा वर्षांचा झाल्यापासून हा माणूस जिथं जिथं ऱ्हायला, तिथल्या पोलिसाचा कागद आणा. मुंबईला मुलाखतीची तारीख पडली चौदा जून. कागद त्याच्या आत पाहिजे.

मुंजाबा दोन वर्षं कतारला क्रेन चालवायला गेलता. तिथला कागद महिन्यात आला. मला वाटलं, चला, परका मुलूख असून एवढ्यात दिला, मग आपलेच लोक कामून अडवतील? इथं पासपोर्ट ऑफिसातून चौकशी दोन जागी गेली. एक गारखेड्यात, जिथं आम्ही आता ऱ्हातो, आन् एक पैठण रोडला आमच्या जुन्या वस्तीच्या ठाण्याला. गारखेड्याचं सरळ झालं. मी ज्या बिल्डिंगीचा वॉचमन हाय तिथंच जिन्याखाली आमची खोली. शिपाई आला, च्या प्याला, दोन शेजाऱ्यांच्या सह्या घेतल्या, गेला.

वस्तीकडच्या ठाण्याचा फोन मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात आला. मी गेटवर टँकरवाल्याशी भांडत व्हतो. दोन दिसांनी एक टँकर, त्यातबी मेला अर्धा रिकामा आणायचा. मुंजाबा फोन घेऊन माझ्याजवळ आला. म्हनला, "आबा, हवालदार लई गोड बोलला. म्हनला, येऊन जा एकदा, जरा बघावं लागंल."

"काय बघावं लागंल?"

"ते नाय सांगितलं. म्हनला, वडिलांनाबी आणा."

पोलिस शिव्या देतो तव्हा माणसानं भिऊ नये. गोड बोलला की भ्यावं. मी खोलीत गेलो तर बानाबाईनं ऐकलं व्हतं. हातातलं पीठ तसंच. माझ्याकडं बघून म्हनली, "आवं, तेरा सालचं तर नसंल?"

"गप," मी खेकसलो. "त्याला अकरा वर्षं झाली. आपल्या पोराचा त्यात काय संबंध?"



तेराचं सांगतो. त्या साली पाऊसच नव्हता. आमची शंभरावर मेंढरं. रोज सकाळी वाड्यात दोन-तीन मरून पडायची. पोरगं आयटीआयची परीक्षा देऊन सुट्टीला वस्तीवर आलतं, तेबी शेळ्या घेऊन रोज दुसऱ्या अंगाला पाला हुडकत फिरायचं. आन् आमच्या वस्तीला खेटून शहराच्या पाण्याचा पाइप गेलेला. केवढा मोठा! कान लावला की आतून पाणी पळायचं ऐकू यायचं. शहर वाढलं, बिल्डिंगी झाल्या, त्यांना पाणी पाहिजे, बरोबर हाय. पण मेंढराला ते कोण समजावून सांगणार?

एक दिस भर दुपारी आम्ही सात-आठ जणांनी पाइपाचा वॉल, म्हंजी पाण्याची मोठी चावी, ढिला केला. पाणी उडालं, मेंढरं तुटून पडली. तेवढ्यात पाइपावरचा राखणदार एका शिपायाला मागं बसवून लुनावर आला. राखणदार आमच्या मेंढरांत काठी घेऊन घुसला. एक गाभण मेंढी त्यानं हाणली, ती तिथंच बसली. माझं टाळकं सरकलं. गोफण खांद्यावरच व्हती. धोंडा घातला, फिरवली, सोडला. त्याला भिववायचा व्हता, बाकी काय नाय. पण गोफणीला एवढं कळत असतं तर काय पाहिजे व्हतं? धोंडा डोळ्यात बसला.

शिपायानं माझी गचांडी धरली. "नाव काय तुझं? नाव सांग!"

आता आमच्यात एक रीत हाय. मेंढरं फॉरेस्टात घुसली, कुणाच्या पिकात घुसली, आन् कुणी सरकारी माणसानं धरून नाव इचारलं, तर मेलेल्याचं नाव सांगायचं. माझ्या बापानं मला पोर असताना शिकिवलं. मेलेल्याला कोण धरून नेणार? सांगणारा सुटतो, मेलेल्याचं काय जात नाय. मी दहा-वीस वखत सांगितलं असंल. माझा थोरला भाऊ मेंढरांमागं असताना वीज पडून गेला. त्याचंच नाव मी सांगायचो. त्या दिशीबी तोंडातून तेच निघालं. "मुंजाबा."

गाव इचारायची गरज नव्हती. वस्ती समोरच दिसत व्हती. मेंढरं बुजून आमच्या दोघांत शिरली, मी सदऱ्यातून निसटलो, सदरा शिपायाच्या हातात ऱ्हायला. महिन्याच्या आत मेंढरं इकून आम्ही शहरात आलो. मागं पोलिस वस्तीवर दोनदा येऊन गेले म्हनं. लोकांनी सांगितलं, मुंजाबा तर कव्हाच मेला. ते म्हनले, तुम्ही सगळे असंच सांगता.

हे मी पोराला कधी बोललो नव्हतो. कशाला बोलायचं?

ठाण्यात हवालदारानं आम्हाला बाकावर बसिवलं. पाणी दिलं. कंप्युटरकडं बघत म्हनला, "मुंजाबा पुंजाराम. पासपोर्टाच्या वेळी काही निघालं नव्हतं का?"

"नाही साहेब," पोरगा म्हनला. "दोन वर्षं कतारलाबी जाऊन आलो."

"तेव्हा जुने कागद कपाटात होते. आता सगळं कंप्युटरवर चढलंय." त्यानं मान तिरकी करून वाचलं. "सन दोन हजार तेरा. सरकारी पाण्याची चोरी, सरकारी नोकराला गंभीर दुखापत, एक डोळा निकामी. सहा जण धरले, सहाही सुटले. सातवा फरार. मुंजाबा, पूर्ण नाव माहीत नाही, धनगर वस्ती."

मग तो आमच्याकडं वळला. "त्या वस्तीवर मुंजाबा नावाचे किती जण आहेत?"

खरं सांगतो, त्या घटकेपर्यंत माझ्या टाळक्यात उजेड पडला नव्हता. भाऊ मेला आन् दोन वर्षांनी मला पोरगा झाला. मायनं म्हनलं, माझं लेकरू परत आलं, नाव तेच ठेवा. ठेवलं. घरात वीस वर्षं त्या नावानं हाका मारल्या. पण त्या दिशी शिपायाच्या तोंडावर नाव फेकताना मला भाऊ आठवला, पोरगा आठवलाच नाय. फॉरेस्टवाल्यांना सांगायची सवय पोराच्या जन्माआधीची, जिभेला तेच वळण. अकरा वर्षं मी माझ्या जित्त्या पोराला मेलेला धरून निवांत बसलतो.

"एकच हाय," मुंजाबा म्हनला. "पण साहेब, मी नव्हतो तिथं."

"असं सगळेच म्हणतात," हवालदार म्हनला. पण बोलणं गोडच. "परवा या."

येताना एसटीत मी त्याला सगळं सांगितलं. आधी त्यानं ऐकून घेतलं. मग म्हनला, "तुम्हाला दुसरं नाव नाय का सुचलं?" एवढंच. रागवला असता, चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पैठण रोडला दोन्ही बाजूंनी नुसते प्लॉट पाडलेले, पांढऱ्या दगडांच्या रांगा. तो तिकडं बघत बसला. त्याच्या मोबाईलवर शालूचा फोन येत व्हता, त्यानं दोनदा कापला.

घरी बानाबाई रडली. मी तिला म्हनलं, "रडती कामून? मी सांगतो ना जाऊन. मी मारला धोंडा. मला घाला आत. पोराचं नाव मोकळं झालं म्हंजी झालं." खरं सांगायचं तर हे बोलल्यावर मला जरा हलकं वाटलं. माझं आता काय राहिलंय? गेट उघडायचं आन् लावायचं. पोरगा लेकराजवळ जाईल, बास.

परवाच्या दिशी मी हवालदारापुढं हात जोडून सगळं सांगितलं. मेलेल्याचं नाव सांगायची रीतबी सांगितली. त्यानं पेन खाली ठेवला.

"बाबा, पोराला वाचवायला रोज कुणी ना कुणी बाप इथं येतो. पुरावा काय?"

"वस्तीवरच्यांना इचारा."

"ते सुटलेले सहा? ते तुमच्याच बाजूनं बोलणार." त्यानं जरा इचार केला. "ज्यानं तुम्हाला धरलं तो शिपाई कोरोनात गेला. पण राखणदार आहे. कडुबा. त्याला बोलावलंय. तो म्हणेल ते लिहितो."

मला तर देवच पावला. ज्याचा डोळा मी फोडला, त्याच्या हातून पोरगा सुटणार. मी म्हनलं, येऊ द्या त्याला. त्याचे पाय धरतो.

कडुबा दुपारी एसटीनं आला. काळा चष्मा, हातात कापडी पिशवी. माझ्याच वयाचा, वाळून गेलेला. हवालदारानं आम्हा दोघा बापलेकांना भिंतीला उभं केलं. कडुबानं चष्मा काढला. एका बाजूला नुसती खोबण. ती बघून मला तोंड वर करवंना. मी हात जोडून उभा ऱ्हायलो आन् मनात म्हनलं, बघ बाबा, नीट बघ, मीच त्यो.

त्यानं आधी माझ्याकडं बघितलं. वरून खालपर्यंत बघितलं आन् पुढं गेला.

मुंजाबासमोर तो थांबला. पोरानं काळजीनं आठ दिसांत दाढी केली नव्हती. उन्हाचा आलता म्हून डोक्याला रुमाल गुंडाळलेला. कडुबा एक पाऊल पुढं सरकला.

"ह्यो," तो म्हनला.

"आरं नीट बघ!" मी ओरडलो. "मी हाय! धोंडा मी मारला!"

"नीटच बघतोय," कडुबा म्हनला. "एकच ऱ्हायलाय, तो नीटच वापरतो. ह्योच. हीच दाढी, ह्याच भिवया. गोफण फिरवताना ओठ असाच दाबला व्हता त्यानं. अकरा वर्षं रोज दिसतंय मला."

मी पोराकडं बघितलं आन् मला कळलं. तेरा साली मी अडतीसचा व्हतो. केस काळे, दाढी वाढलेली, छाती पुढं. आता दात गेले, पाठ वाकली, गेटवरच्या स्टुलावर बसून बसून म्हातारा झालो. कडुबानं पाहिलेला माणूस माझ्यात उरलाच नव्हता. त्याचं तोंड पोराच्या धडावर व्हतं.

मी कडुबाचे पाय धरले. "कडुबा, ऐक. तुझी लुना लाल व्हती. हँडलला पिवळी पिशवी अडकिवलेली. धोंडा लागल्यावर तू बाई गं म्हून खाली बसला. मी चार पावलांवर व्हतो. तू एक हात डोळ्यावर धरून दुसरा हात पुढं केला आन् म्हनला, आता मारू नको, माझं लेकरू लई लहान हाय. मी ऐकलं रं. रोज ऐकतो. हे दुसऱ्या कुणाला ठाऊक असंल? सांग!"

कडुबा पांढराफटक पडला. हवालदाराचा पेन थांबला. मला वाटलं, पटलं. आता पटलं.

"हे मी घरीसुदा कधी सांगितलं नाय," कडुबा हळू म्हनला. "गयावया केल्याचं कुणाला सांगंल माणूस?" मग तो मुंजाबाकडं वळला. त्याच्या एका डोळ्यातून पाणी वाहत व्हतं. "बापाला सांगितलंस व्हय रं घरी जाऊन? हासत सांगितलंस का?"

"नाय, नाय, आरं..." मला पुढं बोलता येईना. त्यानं मेंढी हाणल्याचं सांगायचं ऱ्हायलं व्हतं. शिपायाच्या हातात ऱ्हायलेल्या सदऱ्याचा रंग सांगायचा व्हता. लई काय काय माहीत व्हतं मला. पण जेवढं खरं सांगंल तेवढं पोरानं घरी येऊन सांगितलेलं ठरणार, हे हवालदाराच्या तोंडावर मला दिसत व्हतं.

मुंजाबानं मला दंडाला धरून उठिवलं. "आबा, आता काय बी बोलू नका," तो म्हनला.

हवालदारानं अटकेचा नवा कागद घेतला आन् पोराला मोबाईल टेबलावर ठेवायला सांगितला. मी बाकावर जाऊन बसलो.