ताईंचा लसूण आणि अर्धं शटर

त्या गल्लीत अकरा वर्कशॉप होती आणि एकातही पान्यांचा तुटवडा नव्हता. तरी दिवसातून सातआठ वेळा कोणीतरी तेलकट हात पुसत शेजारच्या दारात उभा राहायचा आणि म्हणायचा, "जरा चौदाचा पाना मिळेल का?" पाना आपला निमित्ताला. मागणाऱ्याचं यंत्र कुठेतरी अडलेलं असायचं, आणि पाना सापडेपर्यंत तो शेजाऱ्याच्या यंत्राकडे टक लावून बघायचा. शेजारीही मुद्दाम हळूहळू शोधायचा आणि शोधता शोधता सहज म्हणायचा, "आम्ही तिथं स्प्रिंग उलटी लावली बुवा." मागणारा पाना न घेताच पळायचा. आपलं अडलंय हे तोंडाने कबूल करायचं नाही, एवढीच काय ती अट.

ताईंना हा प्रकार मुळीच पटत नव्हता. नवरा गेल्यावर त्यांनी पदर खोचून वर्कशॉप चालवलं होतं. जीभ फटकळ, आवाज खणखणीत. यंत्रांचं डोकं मात्र मिस्त्रींचं, बावीस वर्षांपासून. आता दोघांनी लसूण सोलायचं यंत्र मनावर घेतलं होतं. एका मोठ्या वसतिगृहाला अशी चाळीस यंत्रं हवी होती आणि तिथल्या बाई दोन महिन्यांनी एका शुक्रवारी यंत्र चालताना बघायला येणार होत्या. पसंत पडलं तर वर्कशॉप तरणार, नाही तर बंद. भंगारवाला आत्तापासूनच दारावरून जाताना लेथकडे प्रेमाने बघायला लागला होता.

आणि नेमका मिस्त्रींचा मेहुणा, बायकोचा सख्खा भाऊ, समोरच्या शेंगावाल्या काकांकडे कामाला होता. काका शेंगा फोडायची यंत्रं बनवायचे. "आज शेंगा फोडतोय, उद्या लसूण सोलायला कितीसा वेळ लागतो?" असं म्हणून ताईंनी पान्यांचे तीन नवे संच आणले, शटर अर्धं खाली ओढलं आणि त्यावर पाटी लावली : पाना मागू नये. मिस्त्रींना बजावलं, "मेहुण्याकडे जेवायला जा खुशाल, पण तोंड घासापुरतंच उघडायचं."

इथेच घोडं पेंड खात होतं. मिस्त्री तोंडाने विचार करणारा माणूस. चार जणांशी वाद घातल्याशिवाय त्यांचा हात चालायचा नाही. शटरमागे बसल्यावर ते मुके झाले आणि यंत्रही रुसलं. लसूण एक तर अंगभर कपड्यांत बाहेर यायचा, नाही तर लगदा होऊन. महिनाभर हे चाललं. मग लांबच्या एका मोठ्या कारखान्याचं बोलावणं आलं आणि मिस्त्रींनी चाचरत तसं सांगितलं.

"जा!" ताई कडाडल्या. "दार उघडंच आहे!"

दार अर्धंच उघडं होतं. मिस्त्री वाकून बाहेर पडले आणि गेले. ताईंना फार लागलं ते. पण कबूल कोण करणार?

पुढचे तीन आठवडे, त्या शुक्रवारच्या आधीच्या बुधवारपर्यंत, ताई एकट्याच यंत्राशी झटत होत्या. मधूनच डोळे पुसायच्या. लसणाने डोळ्यांत पाणी येत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. शेवटी दुपारी चारच्या सुमाराला त्या उठल्या, शटरखालून वाकून निघाल्या आणि गल्ली ओलांडू लागल्या. अडला हरी गाढवाचे पाय धरी, असं त्या स्वतःशीच पुटपुटल्या. यात गाढव कोण, हे त्यांनी मुद्दामच ठरवलं नाही.

काकांकडे अर्धी गल्ली जमली होती. मध्ये स्टुलावर फोन ठेवलेला. ताईंना बघून सगळ्यांचे चहाचे कप हवेतच थांबले.

"जरा पाना मिळेल का?" ताई म्हणाल्या.

"कितीचा?" काकांनी विचारलं.

ताईंना ऐन वेळी एकही नंबर आठवेना. "कितीचाही," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांचा बांध फुटला. "पाना गेला खड्ड्यात. माझा लसूण सोलला जात नाहीये, काका."

गल्लीत असं सरळ आजवर कोणी बोललं नव्हतं. काका तर लाजून खाली बघायला लागले.

"म्हणजे तुम्हाला अजून कळलंच नाही?" मेहुणा म्हणाला. "दोन रबरी पट्टे लावायचे, एक जलद, एक सावकाश; मधे घासून साल सुटते. दाजींनी तिकडे एक बी सोलायचं यंत्र पाहिलं आणि पहिल्याच आठवड्यात फोनवर सांगितलं. त्यांचा फोन रोज चारला येतो, गल्लीत सगळ्यांना माहीत आहे."

"भंगारवाल्यालासुद्धा," काका म्हणाले.

"मग मला का नाही सांगितलं मेल्यांनो?"

"चारदा आलो, ताई! पाना मागायला आलो, तर पाटी. मग पाना द्यायला आलो, तर तुम्ही आतून ओरडलात, आमच्याकडे तीन संच आहेत!" मेहुणा म्हणाला.

तेवढ्यात स्टुलावरचा फोन वाजला. मेहुण्याने तो स्पीकरवर घेतला आणि मिस्त्रींचा आवाज आला, "कोण कोण आलंय रे? आणि ताईंचं काही कळलं का? शुक्रवार आला की."

आत्ता कुठे ताईंना उमगलं. रोज चारला गल्ली इथे जमत होती, हा माणूस रोज तिकडून आपली चौकशी करत होता, आणि वीस पावलांवर आपण शटर ओढून बसलो होतो. त्यांनी फोन उचलला.

"मीच बोलतेय."

मिस्त्री सुसाट सुटले, "ताई, डावा पट्टा जलद ठेवा, अंतर लसणाच्या पाकळीएवढं, आणि रबर—"

"रबर राहू द्या. तुम्ही कसे आहात?"

"बरा आहे." मिस्त्री थांबले. "कारखाना चकाचक आहे. पण शेजारच्या विभागाशी बोलायची मनाई आहे. पहिल्या आठवड्यात जे सुचलं ते सुचलं, आता डोकं बंदच आहे."

"माझं चुकलं, मिस्त्री," ताई म्हणाल्या, साऱ्या गल्लीदेखत, खणखणीत आवाजात. "परत या."

काकांनी फोन बंद पडला की काय म्हणून वाकून पाहिलं.

"शनिवारी निघतो," मिस्त्री म्हणाले. "शुक्रवारी पट्टे लावून दाखवा बाईंना, गल्ली मदतीला आहेच. फक्त उद्या लसूण उन्हात घाला, ताई. ओला असणार तो."